खोटं पांढरं

आधी अक्कांचं सांगतो, मग काय झालं ते. उलट्या क्रमानं सांगितलं तर वाचणाऱ्याला वाटेल की हे सगळं माझ्या हुशारीनं झालं, आणि मग मला झोप लागायची नाही.

अक्का म्हणजे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात, रंगखात्यात शेड, म्हणजे रंगाची छटा, तपासणाऱ्या बाई. विणकराच्या घरातल्या. घरी तेलुगू, कामगारांशी मराठी, टेम्पोवाल्याशी दखनी, आणि चिडल्या की तिन्ही एकदम. माझं त्यांच्याशी नातं काहीच नाही. मी गोंदियाकडचा, धानाच्या मुलखातला, इथून गाड्या बदलत बदलत दीड दिवसाच्या वाटेवरचा. नववीत गणिताच्या पेपराला शाळेच्या फाटकापर्यंत गेलो, पोटात कळ आली म्हणून मागं फिरलो, तो पुन्हा फाटकात शिरलोच नाही. पोट दुसऱ्या दिवशी बरं झालं. शाळा राहिली ती राहिलीच.

गावाकडच्या एका ओळखीच्याबरोबर सोलापूरला टॉवेल पॅकिंगच्या कामाला आलो. ओळखीचा महिनाभरात ज्वारीच्या भाकरीला आणि उन्हाला कंटाळून परत गेला. मी राहिलो, कारण परत जायचीही मला भीती वाटत होती. मी मुळातच धास्तीचा माणूस. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो, चार पावलं गेलो की परत येऊन चौथ्यांदा ओढतो. पॅकिंगलाही तेच. बांधलेली थप्पी सोडून पुन्हा बघायचो. सुपरवायझर ओरडायचे, "अरे टॉवेल भरायलास का पोरगी बघायलास?"

एके दिवशी एका थप्पीतले दोन टॉवेल मला वेगळे वाटले. दोन्ही मोरपंखी. सुपरवायझरांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात अक्का तिथून चालल्या होत्या. साडीवर राखाडी कोट, गळ्यात चष्मा. त्यांनी दोन्ही टॉवेल काखेत मारले, उत्तरेच्या खिडकीशी नेऊन शेजारी शेजारी धरले आणि मला हाक मारली.

"ए गोंदिया, हिकडं ये. काय दिसायलंय तुला?"

"ह्या एकात हिरवा जास्त वाटतो जी."

"वाटतो का हाय?"

मी पुन्हा बघितलं. "आहे."

"मग वाटतो कशाला म्हणायलास?"

दुसऱ्या आठवड्यात मी रंगखात्यात होतो. अक्कांनी मला जे शिकवलं ते कुठल्या वहीत नाही. ओला तुकडा कधी जुळवायचा नाही, तो खोटं बोलतो. एका रंगाकडं फार वेळ टक लावायची नाही. मध्येच राखाडी कोटाकडं बघून डोळा धुवून घ्यायचा. कोट राखाडी असतो तो त्यासाठीच, नाहीतर साडीचाच रंग कापडावर पडतो. आणि प्रत्येक तुकडा तीन उजेडात बघायचा: खिडकीत, ट्यूबलाइटखाली, आणि शेड बघायच्या पेटीतल्या जांभळ्या दिव्याखाली. ट्यूबखाली जुळे वाटणारे दोन रंग उन्हात गेले की सावत्र निघतात. चुकला की तो माल सेकंडात, म्हणजे स्वस्तातल्या गठ्ठ्यात जायचा, आणि अक्का दिवसभर कुणाशी बोलायच्या नाहीत.

दोन वर्षांनी आमच्या कारखान्यात एक मॅडम आल्या. सोलापूरच्याच. परदेशात उजेडाचं शिक्षण घेऊन परतलेल्या, आणि त्याच एमआयडीसीत एका बंद यंत्रमागाच्या शेडमध्ये त्यांनी कॅमेरे बनवायला घेतले होते. त्यांना रंगाची बारीक नजर असलेला माणूस हवा होता. अक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्याला न्या. शिकलेला न्हाय, पण ह्याचा स्वतःवर विश्वास न्हाय. सगळं दोनदा बघतोय."

एवढी शिफारस माझी आयुष्यात कुणी केली नव्हती.

मॅडमचा कॅमेरा वेगळाच. मधुमेहाच्या रोग्याच्या पायाचा फोटो काढला की कातडीखालच्या रक्तात कुठं प्राणवायू पोचतोय आणि कुठं नाही, ते तो रंगवून दाखवतो. पोचतो तिथं जखम भरते. पोचत नाही तिथं पाय जातो. डॉक्टरला जे बोट लावून कळत नाही ते चित्रात आधीच दिसावं, एवढाच त्याचा उद्देश.

माझं काम काय, ते मॅडमनी पहिल्या दिवशी चहा घेता घेता सांगितलं. "दादा, समजा खऱ्या पायाचा फोटो काढला आणि कॅमेरा म्हणाला, इथं प्राणवायू कमी आहे. ते खरं की खोटं कसं कळणार? पायाला विचारता येत नाही की. म्हणून आपण त्याला असा पाय दाखवायचा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे."

तो पाय उजेडाचा. खोलीत एक प्रोजेक्टर आहे. साधा प्रोजेक्टर लाल, हिरवा, निळा अशा तिघांत सगळं भागवतो. माणसाचा डोळा फसतो, पण आमचा कॅमेरा फसत नाही, कारण तो रंगाच्या पुष्कळ बारीक पट्ट्या वेगवेगळ्या मोजतो. म्हणून आमचा प्रोजेक्टर उजेडाच्या तशाच बारीक पट्ट्या करतो, जांभळ्यापासून पार तांबड्याच्या पलीकडं. मॅडमनी खऱ्या पायांची मोजमापं घेऊन ठेवलेली. चित्रातल्या एकेका ठिपक्यात प्रत्येक पट्टी किती, हे त्या कातडीनं ठरवलेलं. मग ते चित्र, कागदोपत्री संदर्भचित्र, समोरच्या पांढऱ्या फळ्यावर पडतं आणि कॅमेऱ्यानं त्याचं उत्तर द्यायचं. आमच्या उत्तराशी जुळलं तर कॅमेरा बरोबर. नाही जुळलं तर तो नीट करायचा. म्हणजे कॅमेऱ्याची परीक्षा, आणि पेपर मांडणारा मी. पेपराला पळालेला माणूस!

तिथं पुण्याहून आलेले एक इंजिनिअर साहेब होते. माणूस वाईट नाही, डब्यातली शेंगाचटणी वाटून खाणारे. पण त्यांना हे पटत नव्हतं, आणि ते माझ्यासमोरच म्हणाले, "मॅडम, संदर्भचित्राला हात लावणारा निदान डिप्लोमावाला तरी हवा. उद्या चुकलं तर?"

मॅडम म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात डॉक्टरबाई कॅमेरा तपासायला येतायत. तोवर हे काम दादांकडंच. कॅमेरा पास झाला तर दादा कायम. नाही झाला तर मी तुमचं ऐकेन, दादा परत टॉवेलकडं."

त्या दिवसापासून मी कुलूप पाचदा ओढायला लागलो. कायम होण्याबद्दल घरी फोनवर अवाक्षर काढलं नाही. सांगितलं की बिघडतं, असा माझा अनुभव.

डॉक्टर यायला सहा दिवस राहिले आणि कूलरनं घात केला. ऊन असं की कूलरशिवाय यंत्र तापायची, आणि त्या कूलरचं पाणी उडून फळ्यावर पिवळा ओघळ आला, नेमका चित्रातल्या टाचेच्या जागी. मी घाबरलो. मॅडम पुण्याला गेल्या होत्या. साहेबांना विचारलं तर म्हणतील, बघा, मी म्हटलंच होतं. मी सायकल काढली, जुन्या कारखान्यात गेलो आणि त्यांच्याकडचं सगळ्यात भारी, एक्स्पोर्टचं पांढरं कापड मागून आणलं. सोलापूरच्या माणसाला पांढऱ्याचा अभिमान असतो. मलाही एव्हाना तो चढला होता. इस्त्री केली, चौकटीवर टाचण्यांनी असं ताणून बसवलं की एक सुरकुती नाही. साहेबसुद्धा म्हणाले, "वा मास्तर, भिंत उजळली की!"

दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा चुकायला लागला.

फार नाही. पण निळ्या बाजूला आकडा फुगायचा, आणि जखमेच्या कडेची उपाशी कातडी कॅमेऱ्याला पोट भरलेली दिसायची. साहेबांनी कॅमेरा उघडला, भिंग पुसलं, परत जोडला. तीन दिवस ते जेवायलाही उठेनात. शेवटी त्यांनी फरकाचा हिशेब लावून कॅमेऱ्यातच दुरुस्ती घातली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ओरडले, "आलं! मास्तर, आलं बरोबर!" सगळी चित्रं पास. त्यांनी स्वतः चहा सांगितला. मला म्हणाले, "झालात बरं का कायम."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला पण. संध्याकाळी बंद करताना मी गुणगुणतही होतो. सगळ्या पट्ट्या एका बटणानं बंद होतात, आणि कापड बसवल्यापासून साहेबच उशिरा थांबून ते बटण दाबत होते; पण मी एकेक बंद करतो, तांबड्याकडून सुरुवात करून; बंद झाली ना, झाली ना, असं बघत. शेवटी एकटी जांभळी उरली. जांभळी पट्टी एकटी असली की फळ्यावर डोळ्याला जेमतेम दिसते, वांग्याच्या सालीसारखी काळपट. आणि आज फळा निळसर पांढरा उजळला होता, नवीन चुना दिल्यासारखा.

आमच्याकडं खात्रीच्या पांढऱ्या रंगाची एक छोटी वडी असते, डबीत जपून ठेवलेली. तिच्यावर जो उजेड पडेल तोच ती परत देते. ती काढून मी कापडासमोर धरली. वडी काळपट जांभळी. भोवतीचं कापड चमकत होतं. पोटात कळ आली. तीच, फाटकातली.

काय झालं ते मला कळलं होतं. तरी अक्कांना फोन लावला.

"पावडर मारलेलं कापड न्हेलास व्हय रे?" त्या म्हणाल्या. मागं कुकरची शिट्टी झाली. "अरे, एक्स्पोर्टच्या पांढऱ्याला शेवटच्या हौदात चमक यायची पावडर मारत्यात. ती जांभळं खाती आन् निळं ओकती. डोळ्याला वाटतंय काय पांढरं हाय! खोटं पांढरं ते. पेटीतल्या जांभळ्या दिव्याखाली तुला कितींदा दाखवलंय मी?"

"माहीत होतं अक्का. पण फळ्याच्या वेळी डोक्यातच आलं नाही. म्हटलं, पांढरं ते पांढरं."

"मग आता सांग की त्यांना."

"सांगितलं तर चूक माझी निघते. विचारल्याशिवाय कापड बदललं. नोकरी जाईल. आणि नाही सांगितलं तर कॅमेरा पास होतोय, अक्का. साहेबांनी तो त्या कापडाशी जुळवून ठेवलाय."

"आन् खरा पाय आला की? त्याच्यावर पावडर मारणार हायस?"

मी वडी डबीत ठेवून झाकण लावलं.

"शेड चुकली तर टॉवेल सेकंडात जातोय, बाळा. पाय कुटं सेकंडात घालणार?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. कदाचित भात लागत असेल.

सकाळी मॅडम परतल्या होत्या. मी साहेबांना पण बोलावलं आणि दोघांसमोर जांभळी पट्टी लावून वडी धरली. बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, पण तोंडातून एवढंच निघालं, "हे मी केलं."

साहेबांनी वडी माझ्या हातातून घेतली, कापडासमोर धरली, काढली, पुन्हा धरली. "पण मी मीटरवर सगळ्या पट्ट्या मोजल्या होत्या," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग थांबले. प्रत्येक पट्टी त्यांनी तिच्या स्वतःच्याच रंगावर मोजली होती. जांभळी लावल्यावर निळ्यात काय होतंय ते कुणी बघितलंच नव्हतं. "तीन दिवस मी त्या बिचाऱ्या कॅमेऱ्याला शिव्या घातल्या हो!"

मॅडमनी मला विचारलं, "कापड कुणाला विचारून बदललंत?"

"कुणालाच नाही."

"ही चूक आहे, दादा."

"हो."

"दुरुस्ती पुसा," त्या साहेबांना म्हणाल्या. "कॅमेरा होता तसा करा. डॉक्टर परवा येतायत. आणि अट होती तीच आहे." उठून त्या आपल्या खोलीत गेल्या. मला ओरडा खायचा होता, तो मिळाला नाही. ते जास्त वाईट.

दुपारी शेडच्या दारात रिक्षा थांबली आणि आतून अक्का उतरल्या. काखेत राखाडी कोटात गुंडाळलेलं कापड. शेवटच्या हौदाच्या आधीच, नुसतं ब्लीच झालेलं ठाण थांबवून त्यांनी ते कापून घेतलं होतं. मी फोनवर मागितलंही नव्हतं. आत येऊन त्यांनी प्रोजेक्टर खालून वरून न्याहाळला.

"हे काय, सिनेमा हाय व्हय?"

"एका पायाचा सिनेमा," साहेब म्हणाले.

"कोण बघणार वो असला?"

चौकटीवर कापड चढवताना सुद्धा त्या मला बोलत होत्या, टाचण्या लांब लांब लावतोस म्हणून. जांभळी पट्टी लावली. कापड काळपट जांभळं झालं, वडीसारखंच. एक ठिपकाही चमकला नाही. अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बघ, गप बसलंय." साहेबांनी या वेळी प्रत्येक पट्टी लावून सगळ्याच रंगांवर मोजली. सगळं गप्प होतं.

डॉक्टरबाई ठरल्या दिवशी सकाळी अकराला आल्या. मधुमेहाच्या पायांचाच दवाखाना चालवणाऱ्या, बोलायला तिखट. फळ्याकडं बघून पहिलं वाक्य, "हे कापड धुतलं नाही का?"

अंड्याच्या कवचासारखं पिवळट दिसत होतं ते. मी मॅडमकडं बघितलं. त्या काही बोलायच्या आत साहेब म्हणाले, "ते मुद्दाम आहे. मास्तर सांगतील." ते मास्तर आधी टोमणा असायचा. त्या दिवशी नव्हता.

मी सांगितलं. 'जी' दर वाक्याला येत होता, पण सांगितलं. टॉवेल, पावडर, जांभळी पट्टी, माझी चूक, सगळं. डॉक्टरबाईंनी मध्येच तोडलं नाही. शेवटी फक्त म्हणाल्या, "हं. लावा."

साठवलेले पाय त्यांच्याच दवाखान्यातल्या रोग्यांचे. त्यांतून पाच चित्रं त्यांनी स्वतः निवडली आणि त्यांची खरी उत्तरं आपल्या मोबाइलमध्ये झाकून ठेवली. मी चित्र लावायचं, कॅमेऱ्यानं उत्तर द्यायचं, त्यांनी मोबाइल बघायचा. पहिलं जुळलं. दुसरं जुळलं. तिसऱ्याला त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "पुढचं." चौथंही जुळलं. पाचवं चित्र त्यांनी खोडी काढायला निवडलं होतं: पावलावर काळपट डाग. बघणाऱ्या कुणालाही वाटावं, कातडी मेली. कॅमेऱ्यानं तो डाग निरोगी दाखवला.

डॉक्टरबाईंनी मोबाइल उघडून बघितला.

"मेंदी आहे ती," डॉक्टरबाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदा हसल्या. "लग्नाहून आलेली बाई होती."

साहेबांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी टेबलावर आपटलो.

पण बाईंचं संपलं नव्हतं. "उजेडाचा पाय झाला. आता खरा हात. कुणाचा?" मी नकळत हात पुढं केला. त्यांनी दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला, गच्च आवळला, आणि माझा पंजा कॅमेऱ्याखाली ठेवला. पडद्यावर बोटांच्या टोकांपासून निळं चढायला लागलं. माझाच हात, आणि त्यातला उजेड विझत चाललेला मी बघतोय. मग त्यांनी पट्टा सोडला. मनगटाकडून लाल धावत आलं, तळव्यावर पसरलं, एकेका बोटात शिरलं, कालव्याचं पाणी शेतात सोडल्यासारखं. मला माहीत नाही का, पण मी मोठ्यानं हसलो. मॅडमही हसल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा कॅमेरा मी न्यायला तयार आहे. कधी देताय?"

त्या गेल्यावर मॅडमनी तपासणीचा कागद माझ्यापुढं ठेवला. त्यात एक चौकट होती, 'संदर्भचित्र तपासणारा'. दर वेळी तिथं साहेबांची सही असायची. मॅडमनी पेन दिलं. मी साहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, "करा की. आता काय मुहूर्त बघायचाय?"

मी मराठीत सही केली. अक्षरं फाटकातल्या पोरासारखी भेदरलेली आली, पण चौकटीच्या बाहेर एकही गेलं नाही.

घरी फोन केला. आईला कॅमेरा कळला नाही, पट्ट्या-बिट्ट्या काही कळलं नाही, कायम तेवढं कळलं. ती रडली आणि मग विचारलं, तिकडं भात मिळतो का.

पेढे घेऊन मी अक्कांकडं गेलो, आणि माझ्या हाताच्या चित्राचा कागदही, तो लाल धावतानाचा. अक्का ओसरीत बसल्या होत्या. कागद त्यांनी लांब धरला, जवळ धरला, दाराच्या उजेडाकडं वळवला.

"लाल कुटं हाय रे ह्यात?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"मला आता सगळंच पिवळं दिसायलंय," त्या अगदी सहज म्हणाल्या, मीठ संपलंय म्हणावं तसं. "मोतीबिंदू हाय दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणतोय काढा. पण पोरगा भिवंडीला, सून तितंच. एकटीनं ते थेंब कोण घालणार, चार चार वेळा? राहू दे म्हटलं. पुढच्या महिन्यात काम सोडणार हाय. शेडवाल्या बाईला शेड दिसंना, मग बसून काय करायचं?" आणि पेढा तोंडात टाकून, "लई गोड हाय. कुटनं आणलास?"

मी दुकान सांगितलं.

त्या दिवशी ओसरीत जे बोलायचं राहिलं ते इथं लिहितो. अक्का, मी आता कायम आहे, मला रजा मिळते. ज्या दिवशी तुम्ही डॉक्टरला हो म्हणाल, त्या दिवशी सायकल तुमच्या दाराशी लावीन आणि पट्टी निघून डोळा बरा होईपर्यंत हलणार नाही. थेंब मी घालीन, घड्याळ लावून, आणि घातले का नाही ते दोनदा बघीन. भातही मीच करीन, आमच्या गोंदियाच्या तांदळाचा. ह्यात उशीर झाला तर चालेल, तुम्ही हो म्हणेपर्यंत मी थांबेन. पण हे देणं मी फेडणार आहे.